बेळगावात नोकरी, घर बाहेरगावी: खानापूर, सांबरा की शिनोळी? जागा घेण्याआधी हे बघून घ्या

शहरात जागेचे दर परवडत नाहीत म्हणून बेळगावच्या आसपासच्या गावांत घर बघणाऱ्यांची संख्या वाढते आहे. खानापूर रोडवर मच्छे, पिरनवाडीच्या पुढे, बागलकोट रोडवर मुतगे-सांबऱ्याकडे, वेंगुर्ला रोडवर हिंडलगा, सुळगा, उचगाव करत थेट हद्दीपलीकडच्या शिनोळीपर्यंत फलक लागलेत. 'शहरापासून फक्त पंधरा मिनिटं' हे वाक्य त्यातल्या बहुतेकांवर असतंच. पंधरा मिनिटं कुठल्या चौकापासून आणि किती वाजता, हे मात्र फलकावर नसतं.

घर घेताना आपली माणसं दोन गोष्टींवर जास्त बोलतात: दर आणि वास्तू. पुढे अडचण येते ती दुसऱ्याच दोन गोष्टींनी, रोजचा प्रवास आणि जागेचे कागद. त्यातही आपल्या भागात कागद कन्नडमध्ये असतात. घेणारा ते वाचू शकत नाही, विकणारा किंवा एजंट सांगेल तो अर्थ धरून चालतो. म्हणून या लेखात घराच्या सजावटीबद्दल काही नाही.

आधी नोकरीची दिशा बघा, मग गाव

नियम साधा आहे: रोज शहर ओलांडावं लागेल असं गाव निवडू नका. उद्यमबाग, मच्छे औद्योगिक वसाहत किंवा व्हीटीयूत काम असेल तर खानापूर रोडची बाजू बरी. तुम्ही शहरात न शिरताच कामावर पोचता. होनगा, काकतीकडे काम असेल आणि घर मच्छेच्या पुढे घेतलंत, तर सकाळी साडेनऊला अख्खं शहर पार करावं लागतं. नकाशावर वीस किलोमीटर दिसतात, पण थकवा चाळीसचा येतो. विमानतळ किंवा सांबऱ्याच्या हवाई दल केंद्राशी संबंधित काम असणाऱ्यांना मुतगे, निलजी, बाळेकुंद्री ही गावं सोयीची. विमानतळाजवळ बांधकामाच्या उंचीवर बंधनं असतात, वर मजला चढवायचा विचार असेल तर तेवढं आधी विचारून घ्या.

सुवर्णसौधमुळे हलगा-बस्तवाड बाजूला भाव चढले. तिथं घर घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत त्या बाजूला बंदोबस्त आणि आंदोलनं दोन्ही असतात. वर्षातले थोडेच दिवस, पण शाळेची बस असणाऱ्या घराला ते जाणवतात.

आता पैशाचा हिशेब. समजा खानापुरात घर घेतल्यानं पाच लाखांचं कर्ज कमी काढावं लागलं. 9 टक्के व्याजानं 20 वर्षांसाठी पाच लाखांचा हप्ता साधारण 4,500 रुपये होतो. म्हणजे महिन्याला एवढे वाचले. खानापूर-बेळगाव अंतर 26 किलोमीटर. जाऊन-येऊन 52, महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,300 किलोमीटर. दुचाकी लिटरला 45 देते असं धरा आणि पेट्रोल 100 रुपये धरा, तर 2,900 रुपये नुसत्या पेट्रोलला गेले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं. घरात एकटाच कमावता असेल तर हिशेब जेमतेम जमतो. नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गाडीनं जात असतील तर 5,800 जातात, म्हणजे वाचलेल्यापेक्षा जास्त. बस किंवा रेल्वेनं जमत असेल तरच लांबचं गाव खऱ्या अर्थानं स्वस्त पडतं.

चारचाकीवाल्यांसाठी आणखी एक आकडा. खानापूर मार्गावर गणेबैलला टोलनाका आहे. दुचाकीला टोल नाही. 2025 च्या 15 ऑगस्टला 3,000 रुपयांत सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास 200 फेऱ्यांचा आहे. रोज ये-जा करणाऱ्याच्या महिन्याला 50 फेऱ्या होतात, म्हणजे 'वार्षिक' पास चार महिन्यांत संपतो. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास मिळतो, खानापूर त्या अंतरात बसतं. रोजच्या माणसाला तोच परवडतो. नाक्यावर रहिवासाचा पुरावा मागतात, तेव्हा आधार कार्डावर नवा पत्ता लवकर करून घ्या.

रेल्वे, बस आणि 'होणार आहे' म्हणून सांगितलेले प्रकल्प

मिरज-लोंढा मार्गावर बेळगावच्या एका बाजूला देसूर, इदलहोंड, खानापूर, तर दुसऱ्या बाजूला सांबरा, सुळेभावी ही स्थानकं आहेत. मासिक पास काढला तर यापेक्षा स्वस्त प्रवास नाही. अडचण गाड्यांच्या संख्येची आणि वेळेची. छोट्या स्थानकांवर मोजक्याच गाड्या थांबतात, आणि संध्याकाळची एक गाडी चुकली की बसच धरावी लागते. एजंटनं 'स्टेशन जवळ आहे' म्हटलं तर त्याला एवढंच विचारा: कामावरून सुटल्यावर मिळणारी गाडी कोणती? घर घेण्याआधी एक आठवडा खरंच त्या गावातून ये-जा करून बघणारे फार थोडे. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे राहून करा, नसतील तर सकाळी त्या गावाला जाऊन तिथून परत कामावर या. तेवढ्या आठवड्यात जे कळतं ते दहा वेळा जागा बघून कळत नाही.

महिलांसाठी 'शक्ती' योजनेचा मोफत प्रवास 11 जून 2023 पासून आहे. रोज बसनं जाणाऱ्या बाईच्या पगारात त्यामुळे खरोखरच फरक पडतो. ही सवलत कर्नाटकच्या रहिवाशांना आहे, हे शिनोळीचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये. पलीकडे एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. दोन्हींत काय परवडतं ते ज्याच्या त्याच्या मार्गावर ठरेल.

आणि रिंगरोड, बायपास, नवी रेल्वे. फलकांवर तिन्ही असतात. हलगा-मच्छे बायपास किती वर्षं रखडला, कोर्टात किती फिरला, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. कित्तूरमार्गे धारवाडला जाणारी रेल्वे मंजूर झाली, पण देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी भागातल्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमीन देण्याला विरोध केला. शेतकऱ्याची बाजू रास्त आहे की नाही हा वेगळा विषय. घर घेणाऱ्यानं मात्र न झालेल्या रस्त्याचे पैसे आज मोजू नयेत. उलट, तुमचा प्लॉटच त्या भूसंपादनाच्या हद्दीत येतो का, हे सर्व्हे नंबर घेऊन तपासा. 'रिंगरोडला लागून' असलेला प्लॉट कधी रिंगरोडमध्येच निघतो.

गुंठ्यानं विकली जाते ती जागा

सगळ्यात जास्त माणसं इथं अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

रीतसर ले-आउटमधला प्लॉट फुटांत विकला जातो: 30 बाय 40, 30 बाय 50. 'दोन गुंठे आहेत, लगेच देतो' असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा ती शेतजमीन असते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. दोन गुंठ्यांत घर छान बसतं, दरही शहराच्या मानानं खाली असतो. मग व्यवहार कसा होतो? स्टँप पेपरवर करार, नोटरीचा शिक्का, काही रक्कम रोख, आणि 'रजिस्ट्री नंतर करून देतो'. आपल्याकडे याला 'बाँडवरची जागा' म्हणतात. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी बदलत नाही. मालकी बदलते ती उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेल्या खरेदीखतानं. बाँडवर दहा वर्षं राहिलेल्याच्या घरावर मूळ मालकाची मुलं वाटणीचा दावा लावतात, तेव्हा हा फरक कळतो.

2020 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. त्याचा गैरअर्थ काढला जातो. शेतजमीन घेता येते म्हणजे तिच्यावर घर बांधता येतं असं नाही. घरासाठी जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली बिगरशेती व्हायला हवी, आणि एका सर्व्हे नंबरचे प्लॉट पाडायचे तर ले-आउटला मंजुरी हवी. शहरालगतच्या गावांत ती 'बुडा' देते, त्यापलीकडे नगरनियोजन खातं. ग्रामपंचायतीला ले-आउट मंजूर करण्याचा अधिकार नाही. पंचायतीचा ठराव, अध्यक्षांचं पत्र, घरपट्टीची पावती, यातलं काहीच त्या मंजुरीच्या जागी चालत नाही.

सर्व्हे नंबरातला तुकडा विकताना '11-ई' नकाशा लागतो. मोजणी खात्यानं त्या तुकड्याची हद्द आखून दिलेला हा नकाशा. विकणाऱ्याकडे तो नसेल आणि पोडीही झालेली नसेल, तर तुम्ही कागदावर नक्की कुठले दोन गुंठे घेताय हेच ठरलेलं नसतं.

ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला किंवा प्लॉटला ई-स्वत्तूचे नमुना 9 आणि नमुना 11 लागतात. इथं एका अक्षराचा मोठा फरक आहे. नमुना 9 सोबत '11-अ' असेल तर मालमत्ता नियमित. '11-ब' म्हणजे पंचायतीनं कर आकारणीसाठी नोंद ठेवलीय, ले-आउट कायदेशीर झाला असं नव्हे. मच्छे, पिरनवाडी आणि खानापुरात नगरपंचायत आहे, तिथं ई-खाता बघायचा. 2024 च्या ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय नोंदणीच होत नाही, त्यामुळे 'खाता मागाहून करू' म्हणणाऱ्याला आता तिथंच थांबवा.

बँका '11-ब' किंवा शेतजमिनीवरच्या घराला कर्ज द्यायला नकार देतात. एखादी सोसायटी किंवा पतसंस्था जामीनदारावर, दागिन्यांवर देते. कर्ज मिळालं म्हणून जागा स्वच्छ आहे असं समजू नका, त्यांनी जामीनदार बघितलेला असतो, जागा नव्हे.

कन्नड उतारा मराठी माणसानं कसा वाचावा

पहाणी, म्हणजे आरटीसी, 'भूमी'च्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घालून कोणालाही बघता येते. अक्षरं येत नसतील तर ओळखीच्या कन्नड शिक्षकाला, वकिलाला दाखवा, पण विकणाऱ्याच्या माणसाकडून वाचून घेऊ नका. रकाना 9 मध्ये मालकांची नावं असतात. चार नावं असतील तर खरेदीखतावर चौघांच्या सह्या हव्यात, थोरल्या भावाची एक सही पुरत नाही. 'जंटी' हा शब्द दिसला म्हणजे सामाईक. रकाना 11 मध्ये इतर हक्क आणि बोजा. तिथं बँकेचं किंवा कृषी पत्तीनचं नाव दिसलं तर कर्ज आहे. 'साल' म्हणजे कर्ज, 'अडमान' म्हणजे गहाण, 'तडेयाज्ञे' म्हणजे कोर्टाची स्थगिती, 'तकरारु' म्हणजे वाद. 'गोमाळ' म्हणजे गायरान, ते खासगी माणसाला विकताच येत नाही. फेरफारात 'पौती' असेल तर मालक वारलाय आणि वारसांची नोंद झालीय. बहिणींची नावं लागलीत का ते बघा, आपल्याकडे तीच राहतात. 'विभाग' म्हणजे वाटणी. 'क्रयपत्र' म्हणजे खरेदीखत. हक्क, बोजा, हिस्सा, तकरार हे शब्द आपलेच आहेत. लिपी ओळखीची झाली की निम्मा उतारा आपोआप कळतो. मुलं शाळेत कन्नड शिकतात, त्यांना वाचायला बसवा.

सरकारकडून अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मिळालेली जमीन असेल तर 1978 च्या कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही, आणि झालीच तर ती रद्द होते. 2023 च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्याला मुदतीची अडचणही उरलेली नाही. विक्रेता परका असला तरी जमीन मुळात कोणाला मिळाली होती, हे जुन्या फेरफारांत मागं जाऊन बघावं लागतं.

त्यानंतर ईसी, म्हणजे त्या मालमत्तेवर कधी कोणता नोंदणीकृत व्यवहार झाला त्याचा दाखला. 'कावेरी'वर ऑनलाइन मिळतो, जुन्या काळासाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. तेरा वर्षांचा बघून समाधान मानू नका, तीस वर्षांचा काढा. ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. बाँडवर आधीच कोणाला विकलेली जागा ईसीत स्वच्छच दिसेल, म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाऊन शेजाऱ्यांना विचारणं चुकवू नये.

शिनोळीचा पर्याय

बाची संपली की शिनोळी. बेळगावपासून पंधरा-सोळा किलोमीटर, पण चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं मराठीत, स्वतः वाचता येतं. ही सोय मोठी आहे. नोंदणी शुल्क 1 टक्का आणि जास्तीत जास्त 30,000 रुपये, राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत. मात्र इथं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा बिगरशेती झालेलाच प्लॉट बघायचा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रांत कार्यालय गडहिंग्लजला, जिल्हाधिकारी कोल्हापूरला, शंभर किलोमीटरच्या वर. बेळगावच्या माणसाला सगळं हाताशी असायची सवय, इथं एका सहीला दिवस जातो.

राज्य बदलतं म्हणजे काय काय बदलतं, याची यादी घरात बसून करा. गृहज्योती, गृहलक्ष्मी कर्नाटकच्या रहिवाशाला आहेत. केए 22 ची गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. सीमाभागातल्या 865 गावांतल्या रहिवाशांना महाराष्ट्र सरकारच्या ज्या सवलती मिळतात, त्यांचे दाखले मूळ गावच्या पत्त्यावर असतात. मुलगा दहावी-बारावीत असेल तर पत्ता बदलण्याआधी कॉलेज प्रवेशाचा विचार करा, घाई नको. आणि बस. डिसेंबर 2022 मध्ये, पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये वाद पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवर थांबल्या. स्वतःची दुचाकी असणाऱ्याला ते चालून जातं, बसवर अवलंबून असलेल्या शिक्षिकेला किंवा नर्सला नाही.

शिनोळीच्याच औद्योगिक वसाहतीत किंवा हलकर्णीत काम असेल तर हा पर्याय उत्तम. बेळगावात नोकरी आणि पलीकडे घर करणाऱ्यानं दोन्ही राज्यांशी व्यवहार ठेवायची तयारी ठेवावी.

पाणी बघायचं ते जुलैत आणि एप्रिलमध्ये

शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी. बाहेरच्या गावांत बोअर, विहीर किंवा पंचायतीचा नळ. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का, हे विक्रेत्याला नाही, गावातल्या किराणा दुकानात विचारा. पावसाळ्यात उलटं. बळ्ळारी नाल्याच्या आसपास, वडगाव-येळ्ळूर शिवारात भातशेतीत पाणी तुंबतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच शिवारात भर टाकून प्लॉट पडतात. मार्कंडेय आणि खानापुरात मलप्रभेच्या काठाला '2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं' एवढा एकच प्रश्न विचारा. लोक भिंतीवर हात लावून दाखवतात.

खर्च आणि व्यवहाराचा क्रम

कर्नाटकात ग्रामीण भागात मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर 10 टक्के उपकर आणि 3 टक्के अधिभार, आणि 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 वरून 2 टक्के झालंय. एकूण 7.65 टक्के. 30 लाखांच्या घराला 2,29,500 रुपये. बँक यासाठी कर्ज देत नाही, हे पैसे हाताशी हवेत. पहिल्यांदाच विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला 20 लाखांपर्यंत 2 टक्के आणि 45 लाखांपर्यंत 3 टक्के मुद्रांक शुल्क आहे. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्प रेरात नोंदलेला हवा. प्लॉटच्या ले-आउटलाही हे लागू आहे. नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्यानंच दुरुस्त करून द्यायचा असतो. लहान बिल्डर मुद्दाम सहा-आठ फ्लॅटच्या इमारती बांधतात, तिथं हे संरक्षण नाही. वाईटच असतात असं नव्हे, पण मग वकिलाचे पैसे वाचवू नका.

इसाराची रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. 'निम्मे व्हाइट, निम्मे कॅश' मध्ये तुटला व्यवहार तर कॅशची पावती कोण देणार?

खरेदीखत झाल्यावर थांबू नका. खाता, घरपट्टी, हेस्कॉमचं मीटर आणि पाण्याची जोडणी नावावर करून घ्या. महिनाभरानं पुन्हा उतारा काढा आणि रकाना 9 मधलं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. कन्नडमध्ये लिहिताना मराठी आडनावांचं काहीही होतं, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा तहसीलदार कचेरीत खेपा घालाव्या लागतात.